नदीरक्षकांनी उपसलेल्या गोण्या

आसनगाव स्टेशनाबाहेर टेम्पोत चढायच्या आधीच आम्हाला नारिंगी टी-शर्ट वाटले गेले. पाठीवर ठळक अक्षरांत 'मी नदीरक्षक'. नदी अजून एकानंही पाहिली नव्हती, पण रक्षक सगळे तयार. मी आपला कुडत्यावरच चढवला.

ही आमच्या ऑफिसची सहल. राफ्टिंग, तंबूत मुक्काम आणि वर पुण्य म्हणून नदीची सफाई. म्होरक्या होता पराग, हिशेब विभागातला. दोन वेळा हिमालयात जाऊन आल्यापासून तो निसर्गाबद्दल असा बोलतो, जणू त्याच्या नावावरच सातबारा आहे.

सापगाव मागे टाकून टेम्पो मुरबाडच्या रस्त्याला लागला. भात कापून झालेला, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग), आणि लांबवर निळसर डोंगर. बघत राहावं असं होतं सगळं. आमची मंडळी मात्र स्पीकरवर गाणी लावून एकमेकांचे फोटो काढण्यात दंग.

नदी पाहिली आणि मला हसू आवरेना. थंडीच्या दिवसांत तिच्यात पाणी ते किती असणार! सगळीकडे गोटे, मधून एक बारीकशी धार, आणि एका वळणावर तेवढं छान साचलेलं संथ पाणी. तिथेच राफ्ट सोडला. शिरस्त्राणं, जाकिटं, शिट्ट्या असा जामानिमा करून आम्ही वल्ही मारली आणि पलीकडे पोचलो. शेजारी एक म्हैस आमच्याहून जास्त वेगानं पोहत होती. पलीकडच्या काठावर पाण्याचं इंजिन धडधडत होतं. या लोकांना शांततेची किंमतच नाही, असं पराग म्हणाला. त्याचा स्पीकर तेव्हा तंबूत चार्ज होत होता.

संध्याकाळी शेकोटी आणि पास्ता. मुरबाडला येऊन पास्ता! मी मुकाट्यानं गिळला आणि झोपले.

सकाळी सफाई. जिथे पाणी संपत होतं तिथे परागला घबाड सापडलं. प्लास्टिकच्या सिमेंटच्या गोण्या, एकीवर एक, मातीनं भरलेल्या, चिखलानं लिंपलेल्या, या काठापासून त्या काठापर्यंत. कोणा बिल्डरनं कचरा टाकलाय, त्यानं नदीचा गळा आवळलाय, असं त्यानं जाहीर केलं. मंडळींना चेव आला. कोणी ओढतंय, कोणी कोयत्यानं गोणी फाडून माती सोडतंय, कोणी व्हिडिओ काढतंय. मी वरच्या अंगाला बाटल्या वेचत होते. एवढ्या नीट रचून कचरा कोण टाकतो, असं मी ओरडून विचारलं. पाणी उसळून वाहायला लागलं होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते. माझं कोण ऐकतंय!

थोड्या वेळानं पलीकडचं इंजिन खोकायला लागलं. मग बंदच पडलं.

काठावरून एक बाई धावत उतरल्या. नाव सुमनबाई, हे मागाहून कळलं. त्या थेट उरलेल्या बांधापाशी गेल्या. तो बंधारा होता. पाऊस सरल्यावर गावानं मिळून घातलेला. त्या पाण्यावर त्यांची भेंडी होती, नुकती फुलावर आलेली.

"ह्या पान्यावर आमी उन्हाळा काढतो," त्या मला म्हणाल्या. "तुमी कोनाला इचारलं नाय का गो?"

तोवर राफ्ट चिखलात बसला होता. आदल्या दिवशी ज्या पाण्यावर आम्ही शौर्य गाजवलं, तेही त्यांचंच होतं.

परागनं 'गैरसमज' हा शब्द वापरला आणि टेम्पोला उशीर होतोय म्हणाला. माझं डोकं फिरलं. टेम्पो थांबेल, तू फावडं घे, असं मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानं फावडं घेतलं नाही. पण चारसहा जणं आली, सुमनबाईंची जाऊ आली, आणि आम्ही माती भरायला बसलो.

गोण्या पुरेनात. निम्म्या आम्हीच फाडलेल्या. मधोमध भोक राहिलं आणि पाणी त्यातून चाललेलं. मी अंगावरचा टी-शर्ट काढला, गळा आणि बाह्या गाठी मारून बांधल्या, चिकणमाती ठासली, खालून आवळला आणि दिला लोटून. पाठोपाठ बाकीच्यांचेही आले. ग्रुप फोटो राहिलाय, टी-शर्ट खराब करू नका, असं पराग काठावरून सांगत राहिला.

सुमनबाईंनी पायानं दाबून पाहिलं. "घट्ट हाय," म्हणाल्या. "पन गेलं ता पानी गेलं. आता धार हाय तवर काय भरंल ता भरंल."

परतताना टेम्पोत गाणी नव्हती. रात्री ग्रुपवर फोटो आला: उपसलेल्या गोण्यांचा ढीग, पुढे पराग, खाली ओळ, 'नदीनं घेतला मोकळा श्वास'. बंधारा पुन्हा घातल्याचा फोटो कोणी काढलाच नव्हता.

सुमनबाईंचा नंबर मी घेऊन ठेवला होता. परवा फोन केला. खालच्या अंगाची भेंडी करपली, वरची तगली आहे. पाणी आधीच्या निम्म्यापर्यंत पुन्हा भरलंय आणि मधलं भोक गळत नाही.

पुढच्या सहलीला सगळ्यांनी तोच टी-शर्ट घालून यायचं, असा परागचा निरोप आलाय. मी कळवलं, माझा मुरबाडला पाणी अडवतोय, त्याला सुट्टी नाही.