रुईच्या पोत्यांची खोली

आजवर कुणालाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. सुधाकर आत गात होता आणि मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. तरी मी त्याला म्हणालो, काहीच ऐकू येत नाही.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंदी मेघेतल्या माझ्या गादीच्या दुकानात गिऱ्हाइकाला उशीचं कापड दाखवत होतो. झोपेतच गेले, त्याची मुलगी मृणाल सांगत होती. मी ‘येतो’ म्हणालो, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला दुसरा रंगही दाखवला. पवनारला धाम नदीच्या पात्रात राख सोडली तेव्हाही मी पाण्याकडे नुसता बघत होतो. रडू अजून आलेलं नाही.

शाळेपासूनचा मित्र. कचेरीत कारकून होता. भजनी मंडळात मागे बसून टाळ वाजवायचा, सगळ्यांत मिसळून गळा सोडायचा. एकट्यानं कधीच नाही. बायकोच्या आजारपणात होतं नव्हतं ते गेलं, मग तीही गेली. त्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर, त्याच्या मनानं एकदम शास्त्रीय गाणं शिकायचं घेतलं. अधूनमधून रजा टाकून बसनं नागपूरला गुरुजींकडे जायचा. पण घरी रियाज करायची लाज. “या वयात सा लावून राह्यलो बे. लोकं म्हणतीन, म्हातारं रेकून राह्यलं.” म्हणून मागच्या अंगणातली टिनाच्या छताची खोली आवाजबंद करायची ठरली, तीही फुकटात होईल तेवढी. त्यानं आवाज अडवायला भिंतीवर लावायचे म्हणून कुठल्याशा हॉटेलातून अंड्यांचे ट्रे गोळा करून आणले. “कोंबड्या पाळतं का बे?” मी म्हणालो. “फेक ते. गादीवाल्याले शिकवू नको, रुई माह्याकडे आहे.”

लोक जुन्या गाद्या पिंजायला आणतात, त्यातली गोळे झालेली, पिंजून न फुलणारी रुई दुकानात पडून असते. ती आम्ही बारदान्यात भरली. मी पोती भिंतीला धरायचो, तो लाकडी पट्ट्या ठोकायचा. कित्येक रविवार गेले. दोघंही शिंकून बेजार. शेवटचं पोतं लागल्यावर त्यानं टाळी वाजवली. आधी ती खोली डब्यासारखी घुमायची. आता टाळी तिथल्या तिथे मेली. “घुमत नाई बे! म्हणजे बाहेर बी जात नाई!” मलाही तेच वाटलं. तिथेच आम्ही दोघं चुकलो. रुईनं घुमणं गिळलं होतं, आवाज नाही.

मग मी बाहेर, शेजाऱ्यांच्या भिंतीपाशी उभा राहिलो. ऐकू आलं तर दार ठोकायचं, असं ठरलं होतं. तो गायला लागला आणि टिनावरून सूर न् सूर माझ्याकडे आला... मी दार ठोकलं नाही. त्याचं मन मोडू नये म्हणून, असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. इतके रविवार बढाया मारल्यावर माझी रुई कुचकामी निघाली, हे मला बोलायचं नव्हतं.

“काय बे, आलं ऐकू?”

“काईच नाई.”

त्या भरवशावर तो काही वर्षं रोज सकाळी गायला. चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा, मध्येच थांबून गेलेल्या बायकोशी बोलायचा. गल्ली सगळं ऐकायची आणि मायेनं गप्प राहायची. मग एकदा शेजारच्या बाईंकडे महालक्ष्मीच्या जेवणाला आम्ही पंगतीत होतो. वाढता वाढता त्या सुधाकरला अगदी कौतुकानं बोलून गेल्या, “भाऊजी, सकाळी वहिनीले म्हणत होते नं, आज जमलं म्हनून... खरंच जमलं होतं हो.” सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. मी कढी मागितली.

परत येताना त्यानं एवढंच विचारलं, “त्या दिवशी खरंच नव्हतं आलं ऐकू?”

“नाई बे. नंतर रुई दबली असन.”

“मंग माह्याच पट्ट्या ढिल्या बसल्या,” तो म्हणाला. खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर तो गायला नाही, भजनातसुद्धा नाही. माझ्या दुकानात मात्र शेवटपर्यंत चहाला येत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात मृणालनं खोली रिकामी करायला मला बोलावलं. पट्ट्या इतक्या घट्ट ठोकलेल्या, की उचकटताना लाकूड फाटत होतं. ती दारात उभी होती. “काका, बाबानं गाणं काऊन सोडलं? मले वाटे, आईच्या आठवणीनं.”

“असन,” मी म्हणालो आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

हे छापून येण्याआधी मृणालसमोर बसून, तिच्या बापाचं गाणं कुणामुळे थांबलं, ते मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.