मैनेचं दावं

पितृपंधरवड्यात कुणी वरात काढतं का हो? नाही ना? पण मला पटलं होतं! नवऱ्याने सांगितलं म्हणून. वय अठरा, अक्कल त्याहून बरीच कमी. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. नवऱ्यावर मात्र होता... नातीने मोबाईलवर टाईप करायला शिकवलंय, म्हणून लिहिते.

बहात्तरचा दुष्काळ. सोनईत घोडेगाव रस्त्याला आमचा तबेला होता. टांग्याची घोडी, शिवाय लग्नसराईत नवरदेवांसाठी भाड्याने. रोज लीद काढा, खरारा करा, हरभरा भिजवा, तोबरे बांधा. एखादं रुसलं की त्याची मनधरणी करा. त्या साली कडबा नजरेला पडेना. जनावरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्यात मैना माझी — नेवाशाहून वडिलांनी आंदण दिलेली पांढरी घोडी. तिचं दावं मी स्वतः वळलेलं, लग्नातल्या हिरव्या साडीची चिंधी गुंफून.

"घोडेगावात वरात हाय, मैनेला नेतो," हे म्हणाले.

लागले की मी कामाला! आयाळ विंचरली, कपाळाला कुंकू लावलं, वर ह्यांना भाकरी-पिठलं बांधून दिलं. दावं हातात देताना म्हटलं, "नवरदेव जाड असला तर बसू देऊ नका बरं." हे हसले नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

दिवस कलता एकटेच परतले. मी पाय धुवायला पाणी घेऊन पुढे गेले.

"मैना?"

"उद्या धाडत्यात."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा आवाज — "आरं, दावं आनलंस का?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. जनावर विकलं की दावं तेवढं घरी ठेवून घ्यायचं, दारची बरकत जाऊ नये म्हणून. आमच्याकडची रीतच ती. वरातीला गेलेल्या घोडीचं दावं कोण विचारेल? म्हणजे मैना विकली होती... आणि आत्याबाईंनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. मी तर तिला नटवून दिली होती!

"बाकीची जनावरं जगवायची हुती," हे खाली बघून म्हणाले.

"मला सांगायचं तरी."

"तू दिली असतीस व्हय?"

"दिली असती! रडले असते, पण दिली असती."

आत्याबाईंची चिंता वेगळीच. "अन् दावं?"

"त्यातली हिरवी चिंधी दिसली... सोडायला हात धजला न्हाई. तसंच दिलं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी हरभरा निवडत बसले होते. ह्यांच्याशी बोलणं बंद. एकदम सगळ्या घोड्यांनी माना वर केल्या आणि फाटकाकडे तोंड करून खिंकाळली. मैना भाड्यावरून परतली की सगळी खिंकाळायची, तश्शी! मी धावले. पदर खिळ्याला अडकून टरकला तरी धावले, वेडी!

रस्ता रिकामा.

मागे वळले तर मैनेच्या खुंटीला दावं. हिरवी चिंधी, माझीच गाठ. हातात घेतलं तर घामाने ओलं, कोमट... जनावराच्या गळ्यातून आत्ता काढल्यासारखं.

हे पांढरेफटक पडले. तसेच घोडेगावला गेले. मैना घेतलेला व्यापारी उलट ह्यांच्यावरच खेकसला — दुपारी बघतो तर घोडीचा गळा मोकळा, दाव्याचा पत्ता नाही. घोडी मात्र जागची हलली नव्हती. शांतपणे कडबा खात होती म्हणे.

कुणी आणून टाकलं म्हणावं, तर फाटकातून कुणी आलं असतं तर मला दिसलं असतं. सगळं लॉजिक लावून दमले. अजून उत्तर नाही. पण तेव्हा मला उत्तर नकोच होतं. मैना सुटलेली होती, घरचा रस्ता तिला पाठ होता. तरी दावं आलं, ती आली नाही!

दावं उराशी धरून मी फाटकात बसून राहिले. आत्याबाई आल्या, ते माझ्या हातून हळूच काढून घेतलं, खुंटीला अडकवलं आणि म्हणाल्या,

"सूनबाई, दावं घरी आलं म्हंजी सौदा पुरा झाला. आता फाटकाकडं बघू नगंस."