दोरेकाकूंची चिठ्ठी

दोरेकाकूंना कामावर कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं शिवणकारखान्यात शर्टांचे लोंबणारे दोरे कापायचं काम, गळ्यात दोरीला कात्री, आणि सगळं उभ्यानं. गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. आता तपासनिसाची जागा निघाली होती. त्या जागेला खुर्ची होती, चांगली पाठीची! अट एकच, शर्टातली खोट दिसली की इंग्रजीत चिठ्ठी लिहायची.

म्हणून सून शिकवायला बसली. ‘आय थिंक दॅट धिस शर्ट इज नॉट ओके.’ यातलं ‘दॅट’ गाळलं तरी चालतं, म्हणाली. काकू खूश झाल्या. जास्तीचं ते कापायचं, हा तर त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी ‘दॅट’ कापलं, आणि त्याच झटक्यात ‘नॉट’ही. सुनेनं कपाळावर हात मारला. अहो आई, ‘नॉट’ गेलं तर वाईट शर्ट चांगला ठरतो! काकूंच्या डोक्यात नुसता गोंधळ. दोन्ही शब्द एवढेएवढेसे, मग एकाचे लाड का आणि दुसऱ्याला हाकलायचं का? भाजी चिरताना नॉट, भांडी घासताना नॉट.

परीक्षेला कारखान्याच्या साहेबांनी एक शर्ट पुढ्यात ठेवला आणि बसायला तीच खुर्ची दिली. काकू टेकल्या. बाई गं, किती बरं वाटलं! खोट लगेच दिसली, काजांभोवती दोरे लोंबत होते. पण ‘नॉट’ ठेवायचं की कापायचं? बऱ्याच वेळानं हिय्या करून त्यांनी लिहिलं: आय थिंक धिस शर्ट इज नॉट ओके.

साहेबांनी चिठ्ठी वाचून मान डोलावली. इंग्रजी बिनचूक होतं. मग शर्ट उलटसुलट केला, खिडकीशी नेला.

“काकू, यात खोट कुठाय?”

काकूंनी खाली पाहिलं. मांडीवर दोऱ्यांचा बारका ढीग पडला होता. डोकं ‘नॉट’शी झगडत होतं, तोवर हातांनी आपलं काम उरकून टाकलं होतं.

साहेब मनापासून हसले. असला हात दोरे कापायच्या टेबलावरून हलवला तर कारखाना बुडेल, म्हणाले. ही शाबासकी की नकार, काकूंना कळेना. विचारायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी पुढच्या बाईला हाक मारली होती. काकूंनी दोरे मुठीत गोळा केले, खुर्ची नीट आत सरकवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.