नर्स म्हणजे कोण

नर्स हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरायचे. मी नांदेडला ट्रेनिंगला निघाले तेव्हा मामा म्हणाले, परक्यांची घाण काढायला शिकायचं कशाला? मला असा राग आला, की निघताना त्यांच्या पाया पडले नाही.

तिथं शिकवणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, की या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ पोसणं. आणि इंग्रजीत आधी नर्स म्हणजे दुसऱ्याच्या बाळाला अंगावर पाजणारी बाई. दवाखाना, सुई, पांढरी साडी हे सगळं मागाहून आलं. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मी नाही हसले. मामांना ऐकवायला बरं, म्हणून पक्कं लक्षात ठेवलं.

पुढं लातूर जिल्हा झाला आणि मला तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र ओळखीचाच. एका उन्हाळ्यात डाळीच्या व्यापाऱ्याची सून बाळंत झाली, पण तापानं फणफणलेली, दूध आलंच नाही. घरच्यांनी टँकरच्या गढूळ पाण्यात पावडर कालवून पाजली आणि बाळाला जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावलंय, पण याला आता बाईचंच दूध पाहिजे. वॉर्डात दुसरी पाजती बाई नव्हती. माझी मुलगी तान्ही, घरी आईपाशी; माझा ब्लाऊज दुपारपासून भिजत होता.

मी म्हटलं, मी पाजते. बाळाच्या आजीनं, गळ्यात लिंग घातलेल्या त्या लिंगायत म्हातारीनं, बाळ छातीशी धरलं आणि माझं आडनाव विचारलं. ते कशासाठी विचारतात हे मला लहानपणापासून कळतं. डोकं सणकलं माझं. आडनाव सांगितलं, वर आमचं घर गावाच्या कोणत्या टोकाला तेही सांगितलं. तेवढ्यात बाळाची मान म्हातारीच्या दंडावर लुळी पडली. ते तिनंही बघितलं.

"आजी, मी नर्स हाय. हे माझं कामच हाय. द्या इकडं."

तिनं दिलं नाही. पण मी घेतलं तेव्हा धरूनही ठेवलं नाही. मी स्टुलावर बसले, पदर घेतला. बाळाला ओढताच येईना. थेंब थेंब ओठांवर पिळत राहिले, गाल चोळत राहिले. त्याला पाजल्याशिवाय उठणार नव्हते मी. शेवटी त्यानं धरलं.

आजी भिंतीकडं तोंड करून उभी होती. बाळाच्या गिळण्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं, आता म्हणेल, पुरे कर.

वळून न बघताच ती म्हणाली, "आता दुसऱ्या अंगाला घे बाई. पोट न्हाई भरलं त्याचं."