बांधावर वाचलेला इंग्रजी अर्ज

माझी इंग्रजी शब्दांची पहिली वही दुकानातून आणलेली नव्हती. बापाने जपून ठेवलेल्या पत्रकांची ती चळत होती. पत्रकं एकाच बाजूने छापलेली असत, मागची बाजू कोरी. आईने मिठाच्या गोणी शिवायच्या दाभणाने ती शिवून दिली आणि माझी वही झाली. एका अंगाला ठळक अक्षरांत ‘कामकऱ्यांनो, एक व्हा’, दुसऱ्या अंगाला माझ्या वाकड्या अक्षरांत ‘टाइड म्हणजे भरती-ओहोटी’. शाळेतल्या मुली हसायच्या. हसू देत. त्यांच्या वह्यांना नुसता पुठ्ठा होता, माझ्या वहीला पाठ होती.

उरणच्या खाडीवरच्या एका मिठागरात, आमच्या बोलीत आगरात, माझे आईबाप राबत. बाप चौथी शिकलेला. दिवसभर लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ ओढायचा आणि घरी आला की पाय धुवून मोठ्याने पत्रकं वाचायचा. काका मुंबईला गोदीत होता. पंधरा दिवसांनी लाँचने यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत पाव असायचे आणि पावाखाली पत्रकं. मी आधी पाव उचलायची, हे कबूल करते. पण पाव संपायचे, पत्रकं राहायची. बाराखडी मी शाळेत शिकले, वाचायची चटक मात्र त्या कागदांनी लावली.

आमच्या वेळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. उरणच्या शाळेत जायला मला पाऊण तास बांधावरून चालावं लागे. इंग्रजीचे सर काळी टोपी घालणारे, उन्हाळ्यातही कोटाची वरची गुंडी लावणारे. पुस्तकात शेकोटीपुढे बसलेली माणसं आणि बर्फात खेळणारी मुलं होती. ते शब्द मी पाठ केले, पण डोक्यात टिकेनात. मग मीच एक रीत काढली. रोज आगरातली एक वस्तू घ्यायची आणि तिचं इंग्रजी नाव सरांना विचारायचं. बांध, फळी, टोपली, चिखल. एक दिवस मी विचारलं, “सर, उघाडीला काय म्हणतात?”

“कसली उघाडी?”

“भरतीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला बांधात दार असतं ना, ती.”

सरांना येईना. ते रागावले नाहीत. दोन दिवसांनी वर्गात आल्याआल्या त्यांनी फळ्यावर ‘स्लूस’ असं लिहिलं आणि म्हणाले, “हा शब्द मला बत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. एका शब्दाची पाच वाक्यं करून आण. शब्द वाक्यात बसला तरच आपला.” त्या दिवशी बांधावरून घरी येताना मी खाडीला पाचही वाक्यं ऐकवली.

निबंधात मात्र माझी गत वाईट होती. काकाने आणलेली काही पत्रकं इंग्रजीत असत आणि मी निबंध लिहायची ते त्यांच्या वळणावर. ‘माझी गाय’ या विषयावर लिहिताना मी गवळ्याचा धिक्कार केला होता. प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. सरांनी लाल शाईने सगळी चिन्हं खोडली आणि खाली लिहिलं, ‘गाय घाबरेल.’

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. आगरात प्यायला पाणी नव्हतं. चहूकडे पाणीच, पण खारं. गोडं पाणी पलीकडच्या गावातून पिंपं भरून होडीने येई. ओहोटी मोठी असली की होडी चिखलात रुतायची आणि यायचीच नाही. मग बायकांनी डोक्यावरची मिठाची टोपली उतरवायची, हंडा घ्यायचा आणि भर दुपारी गावच्या विहिरीपर्यंत चालत जायचं. त्या वर्षी माघात माझी आई हंड्यासकट बांधावर कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द बोलली, “हंडा फुटला काय गो?” हंडा तांब्याचा होता. तो फुटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

आमचं मागणं एवढंच होतं की आगरात एक झाकणाची पक्की टाकी बांधावी. भरतीला होडी आली की ती भरून घ्यायची, ओहोटीला प्यायची. आगर मुंबईच्या एका पेढीचं होतं. दोनदा मराठीत अर्ज गेले, उत्तर आलं नाही. मुकादम म्हणाला, “तिथला साहेब मराठी कागद हातात धरत न्हाय. इंग्रजीत लिवा, नायतर गप ऱ्हावा.” आणि माझ्याकडे बघून हसला, “हाय ना तुमची बालिष्टरीण.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आई टोपली खाली ठेवून बघत होती. मी हो म्हटलं. मान ताठ होती.

आता आमच्या आगरातली एक रीत सांगायला हवी. आजोबांच्या पिढीत कुणीतरी न समजलेल्या कागदावर अंगठे दिले आणि खाडीच्या एका फाट्यातली मासेमारी आमच्या हातून गेली. तेव्हापासून आगरात कोऱ्या विश्वासावर अंगठा मिळत नसे. कागद बांधावर उभं राहून आमच्या बोलीत सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने तो सगळ्यांसमोर उलट सांगायचा, म्हणजे समजला तसा आपल्या शब्दांत परत. उलट सांगितलेलं सगळ्यांना पटलं, तरच शाई पुढे करायची. उलट सांगायचं काम असे काकीकडे. काकी म्हणजे अख्ख्या आगराची काकी, तिथली सगळ्यांत जुनी बाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं काही सांडत नसे.

मी एका रात्रीत अर्ज लिहून सरांकडे नेला. सरांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. “तू मालकाला पत्र लिहितेस की त्याच्या दारावर दगड मारतेस? या पानावर तीनदा ‘डिमांड’ आणि दोनदा ‘शेम’ आहे. साहेब केराच्या टोपलीत टाकील.” मग त्यांनी अर्जाचा साचा शिकवला. सुरुवातीला ‘आम्ही अत्यंत नम्रपणे याचना करतो’, मधे ‘आपली कृपादृष्टी व्हावी’, शेवटी ‘आपले अत्यंत आज्ञाधारक सेवक’.

स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं होत आली होती. बापाच्या पत्रकांत अशा शब्दांना झोडपलेलं वाचत मी वाढले होते. पण आईचा पांढरा पडलेला चेहराही डोळ्यांपुढे होता. वाटलं, माझ्या ताठ्यापायी टाकी जायला नको. सर म्हणतात तेच बरोबर इंग्रजी असणार. मी साच्यात अर्ज बसवला. चूक एक नाही. सरांनी लाल शाई उघडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळे बांधावर जमले. मी इंग्रजी वाचून दाखवलं, तेव्हा सगळे खूश. मग आमच्या बोलीत सांगितलं. मला वाक्यं थोडी ताठ करून सांगता आली असती. रीत मोडायचं धाडस झालं नाही. जसं होतं तसं सांगितलं.

काकी उठली, कमरेवर हात ठेवले आणि उलट सांगू लागली. “आमी धन्याचं चाकर. त्याच्या पाया परताव. त्यानी किरपा केली त पानी पिऊ, नाय त नाय. असाच ना गो?”

मागून एक बाई म्हणाली, “पानी आमी मागताव का भीक?”

“इंग्रजीत असंच लिहायचं असतं,” मी म्हटलं.

“मंग इंग्रजांना लिव,” काकी म्हणाली. “ते गेलं ना? का तुज्या वहीत बसलेत अजून?”

सगळे हसले. मला ते हसू मिठासारखं झोंबलं. आईने शाईची बाटली उचलली, बूच लावलं आणि मला परत दिली. ज्या बाईसाठी मी मान खाली घातली होती, तिलाच ती वाकलेली मान नको होती. बाप एवढंच बोलला, “बाय, कागूद चांगला लिवलास. आमचा नाय लिवलास.”

मी तशीच सरांकडे गेले. सर चिडले. “अगं, तो साचा आहे! साहेब साहेबालासुद्धा तसंच लिहितो. कुणी खरंच कुणाचा सेवक होत नाही.”

“सर, साहेबाने लिहिलं तर तो साचा असतो. माझ्या आईने त्याखाली अंगठा दिला तर ते खरं असतं,” मी म्हटलं. “मला असं इंग्रजी शिकवा, जे बांधावर उभं राहून आमच्या बोलीत सांगता येईल.”

सरांनी कोटाची वरची गुंडी काढली. ती काढलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली.

पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्या एका पानाशी झुंजलो. माझे ‘शेम’ गेले, त्यांचे ‘हम्बली’ गेले. “ओरडणारा शब्द आणि वाकणारा शब्द, दोन्ही दुबळे,” सर म्हणाले. “जे आहे ते सांग. कर्ता आधी, क्रियापद मागोमाग.” ‘पाणी मिळत नाही’ असं मी लिहिलं, तर त्यांनी विचारलं, “कुणाला? कुठल्या दिवशी? किती वेळ?” मला उत्तर ठाऊक होतं, कारण ते आगरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. कुठल्या तिथीला ओहोटी कधी लागते आणि होडी किती वेळ अडकते, ते मी भराभर सांगितलं. सर थक्क होऊन लिहून घेत होते. त्या पानावर माझे सगळे जमवलेले शब्द कामाला आले. टाइड, मड, एम्बँकमेंट, स्लूस. एकही शब्द उसना नव्हता.

पुन्हा बांधावर उभी राहिले. वाचलं, सांगितलं. काकीने डोळे मिटून ऐकलं आणि उलट सांगितलं. “आमी मीठ करताव. मिठाला खारा पानी लागता, मानसाला गोडा. ओहोटीला होडी येत नाय, बाया उन्हात चक्कर येऊन परतात. एक टाकी बांधा. कवा बांधनार त्या लिवून कलवा.” मग डोळे उघडून विचारलं, “खाली काय लिवलास?”

“युवर्स फेथफुली. म्हणजे आम्ही इमानाने तुमचे.”

“तुमचे कशाला? आमी आमचे.”

मी तिथल्या तिथे ते खोडलं आणि इंग्रजीत लिहिलं, ‘या आगरातले मीठ करणारे’. काकीने पहिला अंगठा दिला. आईने दुसरा. आईचा अंगठा इतका दाबून उमटला की कागदाच्या मागे शाई आली. सरांना खाडाखोड दाखवली तेव्हा वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “नीटनेटकं नाही. पण चूकही म्हणता येणार नाही.”

दीड महिना काही नाही. मुकादम रोज विचारायचा, “काय बालिष्टरीण, आली काय टाकी?” मग एका दुपारी पेढीचा एक तरुण इंजिनिअर होडीने आला, अर्जातल्या तिथीचा खरेपणा तपासायला मुद्दाम ओहोटीच्या वेळी. होडी आम्ही लिहिलं होतं तशीच रुतली. बूट हातात घेऊन, गुडघाभर चिखलातून तो बांधावर आला आणि पाणी मागितलं. आईने माठातलं उरलेलं पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्याने इंग्रजीत विचारलं, “हे पत्र कुणी लिहिलं?”

मी पुढे झाले. म्हटलं, “वी रोट, सर.” एवढंच. पुस्तकातली हजार वाक्यं पाठ होती, पण ते दोन शब्द पुरे होते. तो माठात वाकून म्हणाला, “अँड धिस इज ऑल?” मी म्हटलं, “टिल द टाइड.” मुकादम मागे उभा होता. त्याने त्यानंतर मला बालिष्टरीण म्हटलं नाही. नावाने हाक मारू लागला.

पेढीचं उत्तर आलं ते चार ओळींचं. पुढच्या हंगामाआधी टाकी बांधू. मी ते बांधावर रीतसर सांगितलं, काकीने रीतसर उलट सांगितलं. शेवटी साहेबाने ‘युवर्स फेथफुली’ लिहिलं होतं. तेही सांगितलं.

“म्हंजे त्यो आमचा?” काकी म्हणाली. “बरा. टाकी बांधली त मानू.”

टाकी बांधली. झाकणासकट. आज मी शहरात लिहिते, छापून येतं, लोक माझ्या भाषेला धारदार म्हणतात. लिहिलेलं पान मी अजूनही आधी काकीच्या तोंडून ऐकते, मनात. ती उलट सांगताना जिथे अडखळते, तिथे मी खोडते.

पेढीचं पत्र बापाने पत्रकांच्या पेटीत ठेवलं. त्याची मागची बाजू कोरी होती. मी त्यावर इंग्रजी शब्द लिहायला घेतले, तर आई म्हणाली, “थांब गो. आमचा लिव आधी.” मग पाठवलेल्या अर्जाचं काकीने जे उलट सांगितलं होतं ते मी आमच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत, ठळक अक्षरांत लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने बोट ठेवून प्रत्येक ओळीवरून फिरवलं आणि परत दुसऱ्या ओळीपाशी येऊन विचारलं, “हितं पानी लिवलंय ना?”

तिथेच लिहिलं होतं.