परवा उपटायच्या वेली

सोमवारी यंत्र येऊन ओदीलची द्राक्षबाग मुळासकट उपटणार होतं. कोर्बिएरच्या टेकड्यांतल्या वाइनला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून सरकारच भरपाई देऊन बागा काढायला लावत होतं. कागदावर सही ओदीलनेच केली होती. तरी शनिवारी सकाळी ती कात्री घेऊन बागेत वाकली होती, दर फेब्रुवारीसारखी छाटणी करत.

शेजारचा रेमों बांधावर थांबला. "अगं, परवा उपटायचीय ना? डोकंबिकं फिरलं की काय?"

"फिरलंय. तू घरी जा, सूप करपेल तुझं."

"पण आता कुणासाठी छाटतेस?"

ओदीलने कंबर सरळ केली. या वेली तिच्या नवऱ्याने, मार्सेलने, लग्नाच्या वर्षी लावल्या होत्या.

"मार्सेल गेला तेव्हा शवपेटी बंद करायच्या आधी मी त्याची दाढी केली होती. तेव्हा नाही विचारलंस, कुणासाठी?"

रेमोंने टोपी काढली, पुन्हा घातली. मग खिशातली कात्री काढून तो पलीकडच्या ओळीला लागला.

संध्याकाळी सगळी बाग नीटनेटकी झाली. रेमोंने पाहिलं, प्रत्येक काडीवर ओदीलने दोन डोळे राखले होते, पुढच्या हंगामाच्या फुटीसाठी. त्यानेही तेच केलं होतं.