आमच्या गच्चीवरून हुर्यो

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गच्चीवर फुटका माठ, मोडकी खुर्ची, एका पायाची चप्पल आपोआप जमत जाते, तसेच तेही जमतात. त्यातून आमच्या जिंतूरच्या घराची गच्ची थेट शाळेच्या ग्राउंडवर उघडते. म्हणजे माझ्याकडे किती जमले असतील, तुम्हीच अंदाज करा.

परवा माझी लेक मोबाइलवर कुठल्याशा परदेशातली फुटबॉलची मॅच बघत होती. एका खेळाडूच्या पायात बॉल आला की सगळं मैदान त्याच्यावर ओरडायचं. मी विचारलं, काय केलं गं त्या बिचाऱ्यानं? ती म्हणाली, "काही नाही, आधी तो ह्यांच्याकडूनच खेळायचा." थोड्या वेळानं समोरच्याच टीमचा दुसरा एक जण लंगडत बाहेर निघाला, तर त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लेकीला याचं नवल वाटलं. मला आमचं ग्राउंड आठवलं.

आता तिथं उंच कंपाउंड झालंय आणि टुर्नामेंट बंद पडून बरीच वर्षं झाली. तेव्हा मात्र कापूस-सोयाबीन घरात आलं, थंडी पडली की आजूबाजूच्या गावांच्या टीम उतरायच्या आणि आमची गच्ची माणसांनी भरून जायची. कुणाला या म्हणावं लागत नव्हतं. चपला मात्र जिन्यात काढा म्हणून रोज सांगावं लागायचं.

*

आमच्या हुर्योचे मुख्य म्हणजे रहीमचाचा. कॉर्नरच्या झेंड्यामागं, आमच्या गच्चीच्या बरोबर खाली, त्यांचा चहाचा गाडा. त्यांचा एक कायदा होता. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याला हुर्यो करायचा नाही. नुसतं "ओ पिवळी जर्सी" म्हणून ओरडणं त्यांना पटायचं नाही. म्हणायचे, "नाव न्हाई, गाव न्हाई, मग हुर्यो काय हवेला करायचा?"

इथं माझा उपयोग सुरू झाला. बाहेरच्या टीम एसटीनं यायच्या आणि शाळेच्या वर्गांत उतरायच्या. मी पाण्याची घागर घेऊन जायचे. घागर रिकामी होईस्तोवर कोण कुणाचा, रान कुठं, लग्न झालं का, नसलं तर का नाही, सगळं कळायचं. तिथून बातमी गाड्यावर, गाड्यावरून ग्राउंडभर.

आमचे हे म्हणायचे, "पाणी पाजून जबाब घेणारी तू एकलीच. पोलिसात गेली असतीस तर पेन्शन तरी लागली असती."

*

पेडगावच्या गोलकीपरचं मॅचच्या दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं, तेही आमच्याच गावात. हे त्यानं आपणहून सांगितलं. मी फक्त कुणाकडं तेवढं विचारलं.

मॅच रंगात आली. आमच्या पोरांनी कॉर्नर लावला आणि बॉल हवेत असतानाच रहीमचाचा ओरडले, "कीपर, उद्या पोहे खायचेत, आज एक गोल खाऊन घे!" ग्राउंड हसलं. कीपरही हसला, आणि हसता हसता बॉल त्याच्या बगलेखालून आत गेला.

संध्याकाळी पोरगं आमच्या दारात, तोंड एवढंसं करून. मुलीचा मामा मॅच बघायला आला होता म्हणे. "काकू, आता काय जमत न्हाई माझं."

मला राहवेना. सकाळी विरजण मागायच्या निमित्तानं मी त्या घरी गेले आणि मामाकडं हळूच विषय काढला. मामा म्हणाला, "गोल सुटला ते जाऊ द्या हो. सगळं ग्राउंड नाव घेऊन हुर्यो करायलंय अन् हे पोरगं हसायलंय. आमची पोरगी लय तापट हाय. असाच पायजे."

लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

*

एक वर्ष शाळेला नवे हेडमास्तर आले. लय शिस्तीचे. त्यांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की पाहुण्या टीमला कुणीही हुर्यो करणार नाही, फक्त टाळ्या वाजवाव्यात.

रहीमचाचांनी हुकूम पाळला. समोरच्याचा बॉल बाहेर गेला की टाळ्या. पाय घसरून पडला की टाळ्या. एकाच्या चड्डीची नाडी सुटली आणि तो ती बांधत बसला, तर गच्चीवरच्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हाफ टाइमला त्यांचा कॅप्टन घामाघूम होऊन हेडमास्तरांकडं गेला. हात जोडून म्हणाला, "सर, ह्यांना हुर्यो करू द्या. टाळ्या सोसवंनात."

*

म्हणजे खऱ्या टाळ्या आमच्याकडं वाजतच नव्हत्या असं नाही. एकदा लांबून कुठून तरी एक टीम आली. कुणाच्या तरी मळ्यात उतरली, त्यामुळं माझी घागर काही पोचली नाही. त्यांचा एक काळासावळा, किडकिडीत फॉरवर्ड असा खेळला की आमचे बॅक नुसते त्याची पाठ बघत राहिले. एकामागून एक गोल घातले त्यानं. रहीमचाचांनी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

मॅच झाल्यावर तो गाड्यावर आला. आधीच्या टीमकडून ती नाडीची गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी. जरा घुश्शातच त्यानं विचारलं, "चाचा, माझी टिंगल करायलात का तुमी?"

चाचांनी त्याला चहा दिला. म्हणाले, "न्हाई बेटा, खरोखरीच्या होत्या. तू पाहुणा हायस. पुढच्या साली ये, नाव सांगून जा, मंग बघ कसा हुर्यो करतो."

पोरगं खूश झालं. नाव, गाव, वडलांचं नाव, सगळं सांगून गेलं.

*

आता बबनचं सांगते.

बबन म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गयाबाईंचा धाकटा. वडील लवकर गेलेले. चालायला लागला तसा ह्याच ग्राउंडवर बॉलमागं पळाला, आणि पुढं आमच्या टीमचा फॉरवर्ड झाला. गोल घातला की गच्चीकडं बघून आधी मला हाक मारायचा, "काकू, बघितलं का?" आई त्याची घरातच. त्याला कुणी पाडलेलं तिला बघवायचं नाही.

मग वालूरचं स्थळ आलं. सासऱ्याचं बी-बियाण्याचं दुकान, पोटी एकच लेक. बबन तिकडंच राहायला गेला. गयाबाईंनी स्वतः हो म्हटलं होतं, पण गल्ली काय गप्प बसते? नळावर, पिठाच्या गिरणीत, बायका विचारायच्या, "काय गयाबाई, लेक देऊन टाकला म्हणं?" त्या हसून घागर उचलायच्या. घरी येऊन किती रडायच्या ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

त्या साली वालूरची टीम आली आणि तिच्यात बबन होता. आमच्याविरुद्ध! गाड्यावर तयारी जोरात. घरजावयाला कसा कसा हुर्यो करायचा, कुणी काय ओरडायचं, सगळं ठरलेलं. मी गयाबाईंना म्हटलं, चला गच्चीवर, लेकराला डोळे भरून बघा. त्या चूल सोडून उठेनात. म्हणाल्या, "बघावं तर लय वाटतंय. पण ज्या गल्लीनं त्याला खेळवला, तीच त्याला हुर्यो करणार. मला न्हाई ऐकवणार, बाई."

मी तशीच खाली गेले आणि रहीमचाचांना सांगितलं. चाचांनी स्टोव्ह बंद केला. मग खांद्यावरचा रुमाल झटकला आणि ग्राउंडला फेरी मारून एकेकाला बजावून आले. आज बबनला कुणी एक शब्द बोलायचा नाही. आई वर बसणार हाय.

मी वचन घेऊन आले, तेव्हा कुठं गयाबाई आल्या. कठड्याशी पोत्यावर बसल्या, पदराचं टोक मुठीत धरून.

मॅच सुरू झाली. बबनच्या पायात बॉल आला आणि सगळं ग्राउंड गप्प. इतकं गप्प की रस्त्यावरून गेलेल्या एसटीचे गिअर ऐकू आले. त्यानं आमच्या कोपऱ्याकडं बघितलं. पास चुकला. दुसऱ्यांदा बॉल आला, पुन्हा तेच. कुणी खोकलंसुद्धा नाही. बबन बॉल सोडून गाड्याकडंच बघायला लागला. त्याच्या टीमवाले त्याला शिव्या घालायला लागले. मग एकदा त्यानं आमच्या बॅकला असा काही चकवला की कुणाला तरी राहवलं नाही, आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. बबनचा चेहरा उतरला.

गयाबाई मला विचारायल्यात, "बरं न्हाई का गं त्याला? असा का खेळायलाय?"

तेवढ्यात बॉल आमच्याच बाजूनं बाहेर आला, गाड्याच्या चाकाशी. थ्रो घ्यायला बबन आला. बॉल उचलला, पण टाकेना. रेफरी शिट्टी वाजवतोय, हा उभाच.

"चाचा," तो म्हणाला, "एवढा परका झालो का मी?"

रहीमचाचांना बोलता येईना. वचन दिलेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, मी गयाबाईंकडं बघितलं. मग गाड्यावरचे बघायला लागले, गच्चीवरचे बघायला लागले, शेवटी खुद्द बबननं वर बघितलं. आई गच्चीवर आहे हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

गयाबाई उठल्या. पदर खोचला. कठड्याला दोन्ही हात टेकले. कधी कुणाशी मोठ्यानं न बोललेली ती बाई आख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बबन्याऽऽ! घरजावयाऽऽ! हुर्योऽऽऽ!"

आणि मग जे ग्राउंड फुटलं! रहीमचाचा गाड्यावर चढले, एक जण किटली बडवायला लागला. गच्चीवरच्या आम्ही बायका, खालची पोरं, म्हातारे, सगळ्यांचा एकच हुर्यो. बबननं जर्सीच्या बाहीनं तोंड पुसलं, बॉल फेकला आणि असा पळत सुटला की आमच्या बॅकना तो दिसलाच नाही. गोल आमच्यावर झाला.

हुर्यो आणखी वाढला. त्यातच गयाबाईंनी क्षणभर थांबून माझा दंड धरला.

"लय वाळलाय गं," म्हणाल्या, आणि पुन्हा ओरडायला लागल्या.